जुना पट्ट्याचा कॉम्प्रेसर घेतलाय? हवा कुठे जाते ते आधी शोधा

भोसरी, सातपूर, वाळूज, शिरोली इथल्या कारखान्यांत स्क्रू कॉम्प्रेसर आला की जुना पिस्टनचा, पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर भंगारवाल्याकडे किंवा ओळखीतल्या गॅरेजकडे जातो. यंत्र साधं असतं. मोटर, पट्टा, पंप आणि टाकी, एवढाच संसार. नीट दुरुस्त केलं तर पंक्चरचं दुकान, गाडी धुण्याचा रॅम्प, स्प्रे पेंटिंग किंवा छोटं वर्कशॉप त्यावर वर्षानुवर्षं चालतं. पण नवखा माणूस बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरुवात करतो. हवा भरत नाही म्हणून पिस्टनच्या रिंगा बदलतो, मग गॅस्केट, मग प्रेशर स्विच (ठरलेल्या दाबाला मोटर बंद-चालू करणारा). पैसे संपतात आणि काटा होता तिथेच राहतो.

कॉम्प्रेसरने ओढलेली हवा टाकीत गेली नाही तर ती कुठूनतरी बाहेर पडतेच, आणि प्रत्येक वाटेची खूण वेगळी असते. ती वाट सापडली की कोणता भाग उघडायचा ते ठरतं. तोपर्यंत पाना खाली ठेवायचा.

खालची उदाहरणं 2 एचपी, दोन सिलिंडर, 160 लिटर टाकी अशा मशीनची आहेत. दाब आपण गॅरेजच्या भाषेत किलोमध्येच मोजू, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला इतके किलो. 7 किलो म्हणजे जवळपास 100 पाउंड.

आधी टाकी, बाकी सगळं नंतर

पंप दुरुस्त होतो, मोटर रिवाइंड होते, पट्टा बाजारात मिळतो. टाकी मात्र गेली की गेली. म्हणून सौदा करण्याआधी टाकी बघायची. वरून रंग मारलेला असला तर जास्त काळजीपूर्वक बघायची, कारण टाकी आतून गंजते आणि तेही तळाला, जिथे पाणी साचतं.

टाकीत अर्धा-एक किलो हवा असताना खालचा ड्रेन कॉक पांढऱ्या फडक्यावर हळूच उघडा. स्वच्छ किंवा फिकट पिवळं पाणी आलं तर ठीक. चहासारखं लालसर पाणी आलं आणि फडक्यावर पापुद्रे राहिले, तर पत्रा आतून सुटतोय. दुधी, चिकट पाणी म्हणजे पंप तेल फेकतोय. ते पुढे येईल. मग सगळी हवा सोडून एखादा प्लग काढा आणि मोबाइलला जोडायचा छोटा केबल कॅमेरा आत घाला. तळाच्या रेषेवर आणि पाय वेल्ड केलेत तिथे आतल्या बाजूला खड्डे दिसतात का ते बघा. गुळगुळीत तपकिरी गंज चालेल. कडा उठलेले, नखाएवढे खड्डे चालणार नाहीत.

टाकीवरची प्लेट वाचा. तिच्यावर कामाचा दाब, चाचणीचा दाब, आकारमान आणि वर्ष असतं. प्लेटच नसेल तर भाव पाडून घेण्यापेक्षा तो सौदा सोडून देणं बरं. टाकीवर वेल्डिंगचं ठिगळ, ब्रेझिंगचा पिवळा डाग किंवा एम-सीलचा गोळा दिसला तरी सोडा. दाबाच्या टाकीला भोक पडलं म्हणजे आजूबाजूचा पत्राही तितकाच पातळ झालेला असतो. ठिगळाने भोक बुजतं, पत्रा जाड होत नाही.

टाकी पसंत पडली तरी वापरात घेण्याआधी पाण्याची चाचणी करायचीच. प्रेशर स्विच, गेज आणि सेफ्टी वॉल्व्ह काढून ती तोंडं प्लगने बंद करा. सगळ्यात वरचं तोंड उघडं ठेवून टाकी काठोकाठ पाण्याने भरा, वरून पाणी वाहेपर्यंत. आत हवेचा कप्पा राहता कामा नये. मग चाचणीचं गेज लावून हातपंपाने प्लेटवरच्या चाचणीच्या दाबापर्यंत न्या. तो आकडा पुसला असेल तर कामाच्या दाबाच्या दीडपट, म्हणजे 8 किलोच्या टाकीला 12 किलो. अर्धा तास तसंच ठेवा. काटा उतरला किंवा वेल्डजवळ घाम फुटल्यासारखं पाणी दिसलं, तर टाकी बाद. हीच चाचणी हवेने कधीही करू नका. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, त्यामुळे टाकी फाटली तर पाणी सांडतं आणि दाब क्षणात शून्य होतो. दाबलेली हवा मात्र स्प्रिंगसारखी सुटते आणि पत्रा उडवते. माणसं अशीच दगावतात.

बाद टाकी भंगारात देताना तिला ड्रिलने मोठी भोकं पाडून द्या. नाहीतर कोणीतरी रंग मारून ती पुन्हा विकेल.

कारखान्यात वापरायची असेल तर दाबाखाली चालणाऱ्या यंत्रांचे नियम लागू होतात (नोव्हेंबर 2025 पर्यंत ते कारखाना कायदा, 1948 च्या कलम 31 मध्ये होते), आणि टाकीची ठरावीक मुदतीने सक्षम व्यक्तीकडून तपासणी करून घ्यावी लागते. घरगुती वर्कशॉपला हे लागू नसलं तरी चाचणी करणारा तोच माणूस तुमचीही टाकी तपासून देईल.

सेफ्टी वॉल्व्हवर पैसे वाचवू नका. जुना असेल तर नवा घ्या, टाकीच्या कामाच्या दाबापेक्षा जास्त सेटिंगचा नको. महिन्यातून एकदा टाकीत हवा असताना रिंग ओढून बघा. फुस्स करून हवा सुटली आणि सोडल्यावर लगेच बंद झाली पाहिजे. "सारखा उडतोय" म्हणून तिथे प्लग मारलेला कॉम्प्रेसर दिसला तर त्याच्याजवळ उभंही राहू नका.

चालू करून चार गोष्टी मोजायच्या

विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की तुम्ही येईपर्यंत मशीन थंड असू दे. गरम मशीन सहज सुरू होतं आणि अर्धे दोष लपतात. बरोबर न्यायचं सामान: क्लॅम्प मीटर, स्टॉपवॉच म्हणून मोबाइल, साबणाचं पाणी आणि ब्रश, पांढरा कागद, टॉर्च.

मेन बंद असताना फ्लायव्हील हाताने फिरवा. सिलिंडरमागून सिलिंडर दाब जाणवला पाहिजे, कुठे खरखर किंवा अडकणं नको. ऑइलची काच बघा. पातळी खुणेच्या मधोमध आणि तेल पारदर्शक हवं.

पहिली मोज वेळेची. टाकी 4 किलोवरून 7 किलोवर जायला किती वेळ लागतो ते मोजा. 160 लिटर टाकीत 3 किलो वाढले म्हणजे साधारण 480 लिटर मोकळी हवा आत गेली. ती मिनिटांनी भागली की पंप खरोखर किती हवा देतो ते कळतं. आता किती द्यायला हवी? सिलिंडरचा व्यास 65 मिमी आणि स्ट्रोक 50 मिमी असेल तर एका फेरीत दोन सिलिंडर मिळून सुमारे 332 घनसेंमी हवा ओढतात. 720 फेऱ्यांना ते मिनिटाला 239 लिटर झालं. एका टप्प्याच्या पंपात 7 किलोच्या आसपास यातले 60 ते 70 टक्के हाती लागतात, म्हणजे 145 ते 165 लिटर. तेव्हा आपली मोज सव्वातीन मिनिटांच्या आसपास यायला हवी. चार मिनिटं लागली तर दुरुस्ती किरकोळ आहे. सहा-सात लागली तर पंप उघडावाच लागेल, आणि भाव त्या हिशोबाने करा. दुकानात लिहितात त्या पाटीवरच्या सीएफएमवर (मिनिटाला किती घनफूट हवा) जाऊ नका. तो आकडा बहुतेक वेळा सिलिंडरने ओढलेल्या हवेचा असतो, टाकीत पोचलेल्या हवेचा नाही.

इथे एक गोष्ट ओळखायला शिका. दोन सिलिंडर दिसले म्हणजे दोन टप्प्यांचा कॉम्प्रेसर असं नाही. दोन्ही सारख्या मापाचे असतील तर तो एकाच टप्प्याचा. एक मोठा, एक लहान आणि मध्ये हवा निववणारी, पंख असलेली इंटरकूलरची नळी असेल तर तो दोन टप्प्यांचा, म्हणजे हवा आधी मोठ्यात आणि मग लहानात दाबणारा. तो 12 किलोपर्यंत जातो आणि त्याची हवेची मोजणी फक्त मोठ्या सिलिंडरवरून करायची.

दुसरी मोज करंटची. सिंगल फेज 2 एचपी मोटर पूर्ण दाबाला 10 ते 11 अँपिअर घेते, थ्री फेज असेल तर दर फेजला साडेतीनच्या आसपास. मोटरच्या प्लेटवरचा आकडा अंतिम मानायचा. त्याच्या वर जात असेल तर पुली बदललेली आहे, व्होल्टेज कमी आहे किंवा काहीतरी जड चालतंय. थ्री फेजमध्ये तिन्ही फेजचे आकडे जवळपास सारखे हवेत.

तिसरी मोज आवाज आणि वाऱ्याची, चौथी बंद केल्यावरच्या गळतीची. या दोन्हींवरच पुढचं सगळं निदान उभं आहे.

हवेच्या चार वाटा

मशीन चालू असताना सक्शन फिल्टर, म्हणजे हवा आत ओढली जाते त्या तोंडावरचा फिल्टर, काढा आणि तोंडापासून दोन इंचांवर कागदाचा तुकडा धरा. कागद नुसता आत ओढला गेला पाहिजे. प्रत्येक फेरीला तो आत-बाहेर फडफडत असेल, फिल्टरच्या तोंडातून गरम हवेचे झटके परत येत असतील, तर सक्शनची पत्ती, म्हणजे हवा आत घेऊन परत न जाऊ देणारी पातळ झडप, बसत नाहीये. ही पहिली वाट.

दुसरी वाट ब्रीदरची, म्हणजे क्रँककेसवरची (सिलिंडरखालच्या तेलाच्या पेटीवरची) छोटी श्वासनळी. तिथे तळहात धरा. हलकी धडधड जाणवणं बरोबर आहे. तेलाच्या वासाची गरम हवा जोराने सतत येत असेल, तळहात तेलकट होत असेल, तर हवा रिंगांना ओलांडून खाली जातेय. ब्रीदर बंद झालेला असेल तर हाच दाब तेलाला वर ढकलतो आणि ऑइल सीलमधून गळती सुरू होते. म्हणून सील बदलण्याआधी ब्रीदर साफ करून बघा.

तिसरी वाट डिस्चार्जच्या, म्हणजे दाबलेली हवा टाकीकडे सोडणाऱ्या पत्तीची. ती गळत असेल तर दाबलेली गरम हवा सिलिंडरमध्ये परत येते आणि पुन्हा दाबली जाते. बाहेर काही ऐकू येत नाही, पण त्या सिलिंडरचं हेड दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जास्त तापतं. हात लावू नका. पाण्याचे दोन थेंब टाकून किंवा इन्फ्रारेड थर्मामीटरने फरक बघा.

चौथी वाट नळ्या, जोड आणि टाकीच्या तोंडांची. मशीन 7 किलोला बंद करा, बाहेर जाणारा कॉक बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. गरम हवा निवताना काटा थोडा उतरतोच, ती गळती नव्हे. मग आकडा लिहून ठेवा आणि अर्ध्या तासाने पुन्हा बघा. उतरला असेल तर प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा. ड्रेन कॉक आणि प्रेशर स्विचचा निपल सगळ्यात आधी तपासा, गळती बहुधा तिथेच सापडते. जोडाला पाना लावण्याआधी टाकी रिकामी करा.

दोन टप्प्यांच्या मशीनमध्ये इंटरकूलरवर गेज किंवा छोटा सेफ्टी वॉल्व्ह असतो आणि तो बरंच काही सांगतो. टाकी 10 ते 12 किलोला असताना मधला दाब अडीच किलोच्या आसपास असायला हवा. कमी असेल तर मोठ्या सिलिंडरच्या पत्त्या बघा. वाढत जाऊन मधला सेफ्टी वॉल्व्ह उडत असेल तर लहान सिलिंडरच्या पत्त्या गेल्या आहेत. वॉल्व्ह उडतोय म्हणून वॉल्व्हच बदलणारे पुष्कळ आहेत. तो बिचारा आपलं काम करत असतो.

प्रेशर स्विचजवळची फुसफुस

या दोषावर सगळ्यात जास्त पैसा फुकट जातो, म्हणून जरा थांबून बघू.

मशीन भरून बंद होतं तेव्हा प्रेशर स्विचजवळ दोन-तीन सेकंद फुस्स आवाज यायला हवा. पंपापासून टाकीपर्यंतच्या नळीत अडकलेली हवा अनलोडर सोडून देतो, त्यामुळे पुढच्या वेळी मोटरला रिकाम्या पंपावर सुरू होता येतं. टाकीतली हवा उलटी येऊ नये म्हणून नळी टाकीला जिथे मिळते तिथे नॉन-रिटर्न वॉल्व्ह असतो.

आता बंद झाल्यावर ही फुसफुस थांबतच नसेल, टाकी रिकामी होईपर्यंत चालू राहत असेल, तर आवाज स्विचमधून येतो म्हणून लोक स्विच बदलतात. दोष मात्र नॉन-रिटर्न वॉल्व्हचा असतो. तो गळतो, टाकीतली हवा उलटी नळीत येते आणि अनलोडर ती इमानाने बाहेर सोडत राहतो. उलट मशीन चालू असतानाच स्विचजवळ हवा सुटत असेल तर मात्र अनलोडरची सुई बसत नाहीये.

दुरुस्ती दहा मिनिटांची आहे. टाकी पूर्ण रिकामी करा, काटा शून्यावर आल्यावरही ड्रेन कॉक उघडाच ठेवा. हा वॉल्व्ह थेट टाकीवर बसलेला असतो, दाब असताना टोपी उघडली तर ती गोळीसारखी उडते. पितळी टोपी काढली की स्प्रिंग आणि खाली रबराची किंवा टेफ्लॉनची चकती दिसते. चकतीवर सीटचा गोल ठसा उमटलेला असतो. त्या ठशात एखादा काळा कार्बनचा कण रुतलेला सापडतो, मोहरीएवढा, आणि सगळी गळती त्याच्यामुळे असते. सीट फडक्याने पुसा, खरवडू नका. दोन्ही बाजू सारख्या असतील तर चकती उलटी करून बसवा, सध्या भागतं. नवी चकती किंवा अख्खा वॉल्व्ह आणला तर उत्तम.

मोटर नुसती हुं करते

मेन बंद करा, टाकी रिकामी करा आणि पुन्हा चालू करून बघा. रिकाम्या टाकीवर मोटर झटकन उचलत असेल पण 5 किलोवर अडत असेल, तर पुन्हा तोच नॉन-रिटर्न वॉल्व्ह किंवा अनलोडर. रिकामी असतानाही हुं करत असेल तर मेन काढून पट्टा उतरवा. पट्ट्याशिवाय मोटर फिरली तर पंप जड आहे किंवा व्होल्टेज कमी आहे. पट्ट्याशिवायही फिरली नाही तर कपॅसिटर, बेअरिंग किंवा सेंट्रिफ्युगल स्विच (मोटरने वेग घेतला की सुरुवातीची वाइंडिंग तोडणारा) बघा. कपॅसिटर हाताळण्याआधी बल्बच्या वायरींमधून त्याचा चार्ज उतरवा, आणि नवा आणताना जुन्यावरचे मायक्रोफॅरड आणि व्होल्ट तेच घ्या. मोटर हुं करत असताना पाच सेकंदांच्या वर चालू ठेवू नका, वाइंडिंग जळतं.

व्होल्टेजचा हिशोब गावाकडे फार महत्त्वाचा. मीटरपासून 30 मीटर अंतरावर दीड चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरने 2 एचपी मोटर चालवली तर चालू असताना 8 व्होल्ट पडतात. पण सुरू होताना मोटर पाचपट करंट ओढते, तेव्हा तेच 40 व्होल्ट होतात. आधीच 200 येत असतील तर मोटरला 160 मिळाले, ती उठणार कशी? अडीच चौरस मिमीची वायर घातली की ही पडझड 24 व्होल्टवर येते. अडीचपेक्षा बारीक वायर घालूच नका, आणि गुंडाळलेल्या एक्स्टेन्शन बोर्डावर तर कॉम्प्रेसर लावूच नका. त्यापेक्षा हवेचा पाइप लांब घ्या. मात्र हवेसाठी पांढरी किंवा करडी पीव्हीसी नळाची लाइन टाकू नका. ती दाबलेल्या हवेने फुटते तेव्हा तिच्या काचेसारख्या धारदार चिपा उडतात. जीआय पाइप किंवा हवेसाठीचा होज वापरा.

थ्री फेज असेल तर स्टार्टरचा ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) मोटरच्या प्लेटवरच्या करंटला लावा. सारखा ट्रिप होतो म्हणून तो वाढवून ठेवलेला असतो, आणि मोटर जळण्याचं कारण बऱ्याचदा तेवढंच असतं.

पट्टा आणि पुली

पट्ट्यावर ए-56, बी-62 असं लिहिलेलं असतं. अक्षर म्हणजे जाडी: ए ची रुंदी 13 मिमी, बी ची 17 मिमी. आकडा म्हणजे आतली लांबी इंचात. दोन किंवा तीन पट्टे असतील तर सगळे एकदम आणि एकाच कंपनीचे बदला. जुना ताणलेला असतो, सगळा भार नव्यावर येतो आणि नवा महिनाभरात फाटतो.

ताण बघण्यासाठी दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबा. अर्धा-पाऊण मीटरच्या अंतरावर साधारण 10 मिमी दबला पाहिजे. जास्त सैल असेल तर सुरू होताना चीं असा आवाज येतो, पुलीच्या खाचा चकाकतात आणि खाली काळी भुकटी पडते. जास्त ताणला तर आवाज थांबतो, पण मोटरचं बेअरिंग जातं. मग सरळ रेषा: दोऱ्याचं एक टोक फ्लायव्हीलच्या बाहेरच्या कडेला धरून मोटर पुलीपर्यंत ताणा. दोन्ही पुलींच्या कडा सारख्या जाडीच्या असतील तर दोरा चारही जागी टेकला पाहिजे. एका जागी फट दिसली तर मोटरचे बोल्ट सैल करून सरकवा.

पुलीचं माप मोजायला विसरू नका. पंपाच्या फेऱ्या म्हणजे मोटरच्या फेऱ्या गुणिले मोटर पुली भागिले फ्लायव्हील. 1440 च्या मोटरवर साडेचार इंची पुली आणि 9 इंची फ्लायव्हील असेल तर 720. आधीच्या मालकाने लवकर हवा भरावी म्हणून सहा इंची पुली बसवली असेल तर 960 होतात. मोटरवरचा भार एक तृतीयांशाने वाढतो, पंप तापतो, पत्त्या तुटतात. असा कॉम्प्रेसर वारंवार पत्त्या खात असेल तर पत्त्यांना दोष देण्याआधी पुली मोजा.

फ्लायव्हीलचे आरे पंख्याचं काम करतात, वारा सिलिंडरकडे आला पाहिजे. थ्री फेजमध्ये उलटं फिरत असेल तर कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करा. उलटं फिरूनही हवा भरते, म्हणून हे लक्षात येत नाही, पण पंप तापून जातो आणि काही पंपांत तेलाचा शिंतोडा नीट उडत नाही. जाळी बसवल्याशिवाय मशीन चालवू नका. ओढणी, साडीचा पदर, सैल बाही पट्टा क्षणात ओढून घेतो.

हेड उघडायची वेळ आली तर

मेन स्विच बंद, फ्यूज काढून खिशात, टाकी शून्यावर. मग डिस्चार्जची नळी सोडवा आणि हेडचे बोल्ट आडवे-तिडवे थोडे थोडे सैल करा. हेड चिकटलं असेल तर लाकडी दांड्याने बाजूने ठोका. पेचकस खुपसला तर बीडाच्या सपाट तोंडावर ओरखडा पडतो आणि तिथून गॅस्केट कायम गळतं. वॉल्व्ह प्लेट कशी बसली होती, कुठली पत्ती कुठल्या बाजूला होती, याचे फोटो काढा.

पत्ती उजेडासमोर धरा. तुटलेली लगेच दिसते, पण बारीक चीर बोल्टच्या भोकाजवळ किंवा वळणाजवळ केसासारखी असते. काचेवर ठेवून कोपरा दाबा. डुगडुगली तर वाकलेली आहे. पत्तीला पॉलिश पेपर लावून सपाट करायचा प्रयत्न करू नका, ती नवीनच घ्या. प्लेटची सीट मात्र सुधारता येते. जाड काचेवर 400 नंबरचा पॉलिश पेपर ठेवून, त्यावर चार थेंब तेल टाकून प्लेट आठच्या आकड्यासारखी फिरवा, मग 600 वर. सगळीकडे एकसारखा करडा रंग आला की थांबा. जोडल्यावर वॉल्व्हच्या कप्प्यात थोडं डिझेल ओतून मिनिटभर बघा. ओलावा दिसला तर चालेल, धार लागली तर परत काढा. नंतर डिझेलचा थेंबही राहू देऊ नका. पूर्ण पुसा, वाळवा. डिस्चार्जच्या बाजूला गरम दाबलेली हवा असते. तिथे डिझेल किंवा पेट्रोल राहिलं तर ते पेट घेऊ शकतं.

हेडमध्ये जाड काळा कार्बन सापडला तर चुकीचं तेल वापरलं गेलंय असं समजा. नळीतलाही कार्बन काढा, तो थरही पेटतो.

गॅस्केट आधीच्याच जाडीचं घ्या. जाड घातलं तर पिस्टनवर मोकळी जागा वाढून हवा कमी मिळते, पातळ घातलं तर पिस्टन प्लेटला टकटक लागतो. तांब्याचं वॉशर परत वापरायचं असेल तर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवा, ते मऊ होतं. बोल्ट मधून बाहेर, समोरासमोर, तीन फेऱ्यांत आवळा. एम8 ला 20 ते 22 न्यूटन-मीटर, एम10 ला 40 च्या आसपास. तासभर चालवून, थंड करून, टाकी रिकामी करून पुन्हा एकदा.

रिंगा बदलायच्या असतील तर नवी रिंग एकटीच सिलिंडरमध्ये घालून पिस्टनने सरळ ढकला आणि फटीत फिलर गेज घाला. 65 मिमी सिलिंडरला 0.2 ते 0.25 मिमी फट हवी. जुन्या रिंगेची फट एक मिमीवर गेली असेल तर ती संपली. टॉप लिहिलेली बाजू वर, आणि तिन्ही रिंगांच्या फटी एकमेकींपासून 120 अंशांवर. सिलिंडरच्या वरच्या भागात नखाला कंगोरा लागत असेल तर नुसत्या रिंगांनी भागणार नाही, बोअरिंगवाल्याकडे न्या.

ठकठक येत असेल तर आधी फ्लायव्हीलची चावी आणि मोटर पुलीचा स्क्रू बघा. पट्टा काढून फ्लायव्हील मागे-पुढे हलवा. ते शाफ्टवर हललं तर दोष तिथेच. फ्लायव्हील काढायला पुलर वापरा, बीडावर हातोडा मारला की आरा तडकतो.

तेल आणि पाणी

जुनं मशीन घरी आणलं की पहिल्या दिवशी तेल बदला. कॉम्प्रेसरसाठीचं व्हीजी 100 (तेलाच्या घट्टपणाचा नंबर) तेल आपल्या हवामानाला बरोबर आहे. मोटारसायकलचं इंजिन ऑइल घालू नका. त्यातली रसायनं पत्त्यांवर गरम होऊन थर धरतात. नवं तेल घालून 20 तास चालवा, पुन्हा बदला, मग दर 300 ते 500 तासांनी. काचेच्या मध्याच्या वर भरू नका.

हवेत तेल येतंय का बघायला नळीच्या तोंडासमोर पांढरा कागद धरा. डाग पडले तर क्रमाने बघा: तेल जास्त भरलंय का, सक्शन फिल्टर चोंदलाय का, ब्रीदर बंद आहे का. फिल्टर चोंदला की पिस्टनवर निर्वात तयार होतो आणि तेल खालून ओढलं जातं. या तिन्ही फुकटच्या गोष्टी झाल्यावरच रिंगांचा विचार.

पाण्याचा प्रश्न कोकणात आणि पावसाळ्यात सगळीकडेच मोठा. 30 अंशाला, 80 टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत सुमारे 24 ग्रॅम पाण्याची वाफ असते. ती 7 किलोला दाबून निवली की जेमतेम 4 ग्रॅम वाफ राहते, बाकी 20 ग्रॅमचं पाणी होतं. मिनिटाला 150 लिटरच्या पंपाने दिवसाला चार तास काम केलं तर 36 घनमीटर हवा झाली, म्हणजे सुमारे 700 मिलिलिटर पाणी. काही लाइनमधून पुढे जातं, बाकी टाकीच्या तळाशी. म्हणून संध्याकाळी काम संपलं की टाकीत एक-दोन किलो हवा ठेवून ड्रेन कॉक उघडायचा, पाणी थांबून नुसती हवा येईपर्यंत. स्प्रे पेंटिंग करणार असाल तर टाकीपासून काही मीटर अंतरावर, हवा निवल्यावर, वॉटर सेपरेटर लावा. टाकीला चिकटवून लावला तर गरम हवेतली वाफ त्यातून तशीच पुढे जाते आणि पाणी बंदुकीत निघतं.

पहिल्या आठवड्यात रोज एकदा 4 ते 7 किलोची वेळ मोजून टाकीवर खडूने लिहा. सगळं बसल्यावर जो आकडा स्थिर राहील तो ऑइल पेंटने लिहून ठेवा. पुढे कधी त्यात अर्धं मिनिट वाढलं की कागद घेऊन सक्शन फिल्टरपाशी जा.